लाल कोपऱ्यातला स्टूल

मित्रांनो, आजवर माझ्यावर कितीतरी माणसं बसली, पण पाहुण्यासारखं ऐसपैस कुणी बसलं नाही. सगळी घामाने निथळत आली, धापा टाकत टेकली आणि मिनिटभरात उठून गेली. मी एक जुना लाकडी स्टूल आहे. बॉक्सिंगच्या दोन फेऱ्यांमध्ये छोटी विश्रांती असते ना, तेव्हा रिंगणाच्या कोपऱ्यात जो सरकवतात, तो मी. त्या वेळी प्रेक्षक पाणी प्यायला उठतात, मोठ्या पडद्यावर जाहिराती लागतात, त्यामुळे माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण लढणाऱ्या माणसाला खरं काय ते तेव्हाच ऐकायला मिळतं. ते मीही ऐकलं आहे.

माझा जन्म बेंगळुरूत, चामराजपेटेतल्या गुंडोअण्णा सुतारांच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी घराचं फणसाचं जुनं दार मोडीत निघालं होतं, त्याच्या फळ्यांतून त्यांनी मला घडवलं. पाय थोडे फाकवले, खाली सायकलच्या टायरचे तुकडे ठोकले. मला बनवून घेणारे हंबीरराव शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "अण्णा, दमलेला माणूस बसत नाही, पडतो. तो पडला तरी हा हलता कामा नये." तेव्हा गुंडोअण्णांनी आपल्या चांगल्या भारदस्त देहासकट माझ्यावर बसकण मारून दाखवली. मी कुरकुरलोसुद्धा नाही. हंबीररावांनी मला उचललं आणि स्वतःच्या हाताने लाल रंग दिला.

हंबीररावांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून इकडचं. घरात मराठीच, पण तिच्यात कानडी अशी मिसळून गेलेली की कुठला शब्द कुठला, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नसे. तरुणपणी ते फौजेत होते, तिथेच मुष्टियुद्ध शिकले. परत आल्यावर त्यांनी चामराजपेटेत अगरबत्त्यांचं एक रिकामं गोदाम भाड्याने घेतलं, मधोमध दोर बांधले आणि मुलांना शिकवायला लागले. त्या भिंतींत चंदनाचा आणि ऊदाचा वास इतका मुरला होता, की नाक फोडून घेऊन घरी गेलेल्या पोरालाही त्याची आई विचारायची, "देवळात गेला होतास का रे?"

हंबीररावांचा एक नियम होता. स्टुलावर बसलेल्याशी खोटं बोलायचं नाही. ते म्हणत, "आत लढणाऱ्याला स्वतःची लढत दिसत नाही. आपण त्याचे डोळे. डोळ्यांनीच फसवलं तर त्याने कुणाकडं बघायचं?" म्हणून माझ्यावर बसलेल्या प्रत्येकाला त्यांच्याकडून खरं तेच कळायचं. मार खाऊन आलेल्यांपैकी काहींना ते रुचत नसे. एकदोघे रागावून दुसरीकडे शिकायला गेले. पण जे राहिले ते फार चांगले लढवय्ये झाले, आणि गावोगावच्या स्पर्धांना मी त्यांच्याबरोबर हिंडलो. बसच्या टपावर बसलो, रेल्वेच्या बाकाखाली निजलो. लोक म्हणायचे, "हंबीररावांचा स्टूल आला, म्हणजे लढत रंगणार." ते माझे सुखाचे दिवस होते.

त्याच दिवसांत वल्लरी आली. तिचे वडील सुहास सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. साताऱ्याकडून नोकरीसाठी इकडे आलेले हे कुटुंब जे. पी. नगरमध्ये राहत होतं. सुहासरावांनी गोदामाचं दार, टांगलेल्या वाळूच्या पिशव्या, कोपऱ्यातली घामट हातमोज्यांची रास असं सगळं नीट पाहिलं आणि काळजीने विचारलं, "इथे लेडीज चेंजिंग रूम आहे का हो?"

"आहे," हंबीरराव म्हणाले. "माझं घर. पलीकडच्या गल्लीत. कृष्णाबाई असते."

वल्लरी खळखळून हसली. "बाबा, तुम्ही जा. मी येते संध्याकाळी."

उंच, लांब हातांची, हट्टी मुलगी. पहिल्याच आठवड्यात नाकातून रक्त आलं तेव्हा ती माझ्यावर बसली आणि रडायचं सोडून हंबीररावांना विचारायला लागली, "अण्णा, मी कुठे चुकले?" त्या प्रश्नाने हंबीरराव तिच्यावर जे खूश झाले, ते कायमचेच. कृष्णाबाई तिला रोज रागीची, म्हणजे नाचणीची, अंबील पाजायच्या. वल्लरी त्यांना अक्का म्हणायला लागली आणि महिन्याभरात थोडंला "स्वल्प", बरंला "सरी" असे कानडी शब्द तिच्या सातारी वळणाच्या बोलण्यात येऊन बसले. मूलबाळ नसलेलं ते घर. संध्याकाळी तिचा आवाज ओसरीवर ऐकू आला नाही, तर दोघं गल्लीच्या टोकापर्यंत बघून येत.

काही वर्षांनी वल्लरी व्यावसायिक लढती करू लागली, आणि मी एका वेगळ्याच जगात गेलो. तिथे रिंगणावर रंगीत दिवे होते, कानठळ्या बसवणारं संगीत होतं. या लढती भरवणारा माणूस म्हणजे रघुनंदन. गोड बोलणारा, कुणावर आवाज न चढवणारा. त्याला आपल्या लढतींसाठी एक चेहरा हवा होता. वल्लरी शिकलेली, कॅमेऱ्यासमोर इंग्रजी बोलणारी, याच शहरात वाढलेली. जाहिरातवाल्यांना ती आवडली. थोड्याच दिवसांत शहरातल्या मोठमोठ्या फलकांवर तिचं चित्र झळकलं. हंबीरराव रिक्षातून जाताना मला मांडीवर धरून ते चित्र बघत आणि रिक्षावाल्याला सांगत, "आमची पोरगी हो."

मग राष्ट्रीय पट्ट्याची लढत ठरली. जी जिंकेल तिच्या कमरेला पट्टा, आणि पुढे मनिलाला, बाहेरच्या देशात, लढायची संधी. समोर होती जयसेल्वी. ती कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावची. तिचे वडील खाणीत उतरायचे. खाण बंद पडली आणि तिथल्या शेकडो लोकांसारखी तीही पहाटेच्या गाडीने बेंगळुरूला येऊन काम करायला लागली. एका कार्यालयाच्या फाटकावर ती सुरक्षारक्षक होती. दिवसभर उभं राहायचं आणि संध्याकाळी परत जाऊन सराव करायचा. वय तिशीला टेकलेलं. अशी संधी पुन्हा येणार नाही, हे तिला माहीत होतं. तिचं चित्र मात्र कुठल्याच फलकावर नव्हतं.

मित्रांनो, आता त्या संध्याकाळचं सांगतो. आमचा लाल कोपरा, जयसेल्वीचा निळा. तीन परीक्षक तीन बाजूंना बसले होते. प्रत्येक फेरीनंतर जिंकणारीला दहा गुण द्यायचे, हरणारीला नऊ. कुणी ठोसा खाऊन खाली पडली तर तिचा आणखी एक गुण जातो. आत रेफरी असतो. पडणं खरं की पाय घसरला, हे तो ठरवतो. एवढाच हा खेळ आहे, पण सगळा माणसांच्या नजरेवर आणि इमानावर चालतो.

फेरी चालू असताना मी दोरांबाहेर, हंबीररावांच्या पायाशी असतो. मला तिथून फक्त लढणाऱ्यांचे पाय दिसतात. पण पायांवरूनही पुष्कळ कळतं. जयसेल्वीचे पाय घाई करत नव्हते. ती वल्लरीच्या लांब हातांखालून अशी आत शिरायची, जशी ठेंगणी माणसं बुटक्या दारातून सहज आत जातात. वल्लरीचे पाय मागे मागे येत होते.

दुसरी फेरी संपल्यावर ती माझ्यावर बसली. हंबीररावांनी तोंडावर पाणी मारलं. "दोन्ही फेऱ्या तिच्या. डावा हात खाली सोडतेस तू. तो वर ठेव. लांबूनच मार."

वल्लरीने ऐकलं. तिसरी फेरी तिने जिंकली, चौथीही. हंबीररावांचा श्वास मोकळा झालेला मला कळला. पण पाचव्या फेरीत जयसेल्वीचा उजवा ठोसा वल्लरीच्या फासळ्यांखाली बसला, पाठोपाठ डावा जबड्यावर. माझ्यासमोरच वल्लरीचे दोन्ही गुडघे जमिनीला टेकले.

रेफरीने आकडे मोजायला हवे होते. त्याने हात हलवून खूण केली की पाय घसरला. मग वल्लरीला उठवलं, तिचे हातमोजे सावकाश, अगदी सावकाश पुसले आणि मगच लढत पुढे सुरू केली.

फेरी संपली. वल्लरी धापा टाकत बसली. तिच्या घामाचे थेंब माझ्यावर टपटपत होते. "अण्णा, मी घसरले का?"

"नाही. पडलीस."

"पण रेफरी..."

"रेफरी काहीही म्हणू दे. तुझ्या गुडघ्यांना विचार. आता लढ, उरलेल्या फेऱ्या खऱ्या जिंक."

सहाव्या फेरीत रेफरीने जयसेल्वीवर डोक्याने धडक दिल्याचा ठपका ठेवून तिचा एक गुण कापला. डोकं लागलं नव्हतं. निळ्या कोपऱ्यातून तिचा माणूस ओरडत राहिला, कुणी ऐकलं नाही. सातव्या फेरीत वल्लरी पुन्हा डगमगली. आणखी एक ठोसा बसता तर संपलंच होतं. इतक्यात रेफरी मध्ये शिरला, वल्लरीला धरून आमच्या कोपऱ्यात घेऊन आला आणि हंबीररावांना म्हणाला, "हातमोज्याची पट्टी सुटलीय. गुंडाळा."

हंबीररावांनी पाहिलं. पट्टी घट्ट होती. "सुटलेली नाही," ते म्हणाले.

"गुंडाळा म्हटलं ना!"

हंबीररावांनी घट्ट पट्टीवर दुसरी पट्टी गुंडाळली. ते मुद्दाम भराभर गुंडाळत होते आणि रेफरी म्हणत होता, "नीट करा, नीट करा." तेवढ्या वेळात वल्लरीचे पाय सावरले. पलीकडे जयसेल्वी रिंगणाच्या मध्यभागी हात खाली सोडून उभी होती. तिला काय चाललंय ते कळत होतं. शेवटची, आठवी फेरीही तिचीच झाली.

मग निकाल. रेफरी दोघींची मनगटं धरून उभा राहिला. एका परीक्षकाने जयसेल्वीला जिंकवलं होतं, दोघांनी वल्लरीला. वल्लरीचा हात वर गेला. सोनेरी कागदाचे कपटे उडाले. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. मागे, गाडीने आलेली खाणीकडची माणसं बसली होती. तिथून आधी शिट्ट्या आल्या, नंतर काहीच आलं नाही.

रीत अशी की लढत संपल्यावर समोरच्याच्या गुरूला भेटून जायचं. जयसेल्वी आमच्या कोपऱ्यात आली. तिचा डावा डोळा सुजून मिटला होता. ती वाकली तेव्हा हंबीररावांनी तिचे खांदे धरले आणि कानडीत म्हणाले, "अम्मा, तू जिंकलीस."

"हे मला का सांगता, सार?" ती शांतपणे म्हणाली. "मला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

हंबीररावांनी मला काखोटीला मारलं आणि तडक अधिकाऱ्यांच्या टेबलाकडे चालायला लागले. मुख्य अधिकारी हसून म्हणाले, "अभिनंदन, हंबीरराव! तुमची मुलगी जिंकली."

"माझी मुलगी हरली आहे," हंबीरराव म्हणाले. आवाज त्यांनी चढवला नव्हता, पण फौजेतला आवाज तो, आजूबाजूला सगळ्यांना ऐकू गेला. "ती पडली होती. तुमच्या रेफरीने मोजलं नाही. पट्टी घट्ट होती, ती त्याने माझ्या हाताने पुन्हा बांधून घेतली. हा निकाल फिरवा."

"निकाल असा फिरवता येत नसतो. आणि तुम्ही स्वतःच्याच बॉक्सरविरुद्ध बोलताय, कळतंय ना?"

"विरुद्ध नाही. खरं बोलतोय."

आसपासच्या मोबाइलांनी हे सगळं टिपलं. रिंगणात पट्टा बांधून घेणाऱ्या वल्लरीनेही ते पाहिलं.

कपडे बदलायच्या खोलीत हंबीररावांनी मला जमिनीवर ठेवलं, पण कुणी बसलं नाही. वल्लरी म्हणाली, "अण्णा, तुम्ही माझे कोच आहात की तिचे?"

"तुझाच आहे. म्हणून तर."

"मग आजच्या दिवशी तरी गप्प बसायचं होतं! सगळ्या जगासमोर माझी लाज काढलीत. मी फाइट फिक्स केली का? मी सांगितलं का त्यांना?"

"नाही गं. तू काही केलं नाहीस."

"मग शिक्षा मला का?"

हंबीरराव म्हणाले, "पट्टा काढून ठेव, बाळ. तो तुला पेलणार नाही."

हे त्यांनी म्हणायला नको होतं, असं मला आजही वाटतं. खरं असलं तरी त्या घटकेला नको होतं. वल्लरीने पट्टा आणखी घट्ट आवळला आणि ती निघून गेली. दारात रघुनंदन उभा होता. तो हळू आवाजात तिला म्हणत होता, "तुझ्या कोपऱ्यात तुझ्या बाजूचा माणूस हवा."

दोन आठवड्यांत बॉक्सिंगच्या संघटनेने हंबीररावांवर बंदी घातली. वर्षभर कुठल्याही लढतीत त्यांनी कोपऱ्यात उभं राहायचं नाही. शिस्तभंग, असं कारण दिलं. या माणसाकडे मुलं पाठवली तर त्यांना पुढे कुणी उभं करणार नाही, असं आई-बापांना वाटायला लागलं. एकेक करून मुलं येईनाशी झाली. वल्लरी राजाजीनगरमधल्या नव्या काचेच्या जिममध्ये गेली, तिथे तिच्यासाठी गुळगुळीत स्टीलचा स्टूल होता. शेवटी गोदाम सोडावं लागलं. दोर सुटले, पिशव्या विकल्या गेल्या. मला हंबीररावांनी घरी आणलं.

घरी माझं काय काम? कृष्णाबाईंनी मला मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी ठेवलं आणि माझ्यावर कढीपत्त्याची कुंडी ठेवली. रोज कुंडीतलं पाणी माझ्या पायांवरून ओघळायचं. लाल रंगाचे पोपडे निघाले, एक पाय खालून कुजायला लागला. त्यांचा काही दोष नव्हता. ज्या वस्तूकडे पाहून नवऱ्याचा चेहरा उतरतो, ती नजरेआड ठेवावी, एवढाच त्यांचा विचार. पण कधी कधी संध्याकाळी हंबीरराव मागे येत, कुंडी उचलून खाली ठेवत आणि माझ्या फळीवरून हात फिरवून पुन्हा कुंडी जागेवर ठेवत. वल्लरीची लढत कुठे असली की घरातल्या टीव्हीचा आवाज मला ऐकू यायचा. ते पाहायचे. जिंकली असं जाहीर झालं की टीव्ही लगेच बंद व्हायचा.

मग एका सकाळी फाटक वाजलं.

"कोण गं ते?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"अक्का, मी. वल्लरी."

कृष्णाबाई म्हणाल्या, "उभी काय? चपला काढ आणि ये. अंबील करून ठेवलीय, ती कोण पिणार?"

वल्लरी मागच्या अंगणात आली. तिने मला ओळखलं. कुंडी उतरवली, पदराने पुसावं तसं ओढणीने मला पुसलं आणि माझ्यावर बसली. या खेपेला उठायची घाई नव्हती. हंबीरराव धुण्याच्या दगडावर टेकले. त्यांचे केस आता पांढरेशुभ्र झाले होते.

वल्लरी मनिलाहून आली होती. आठही फेऱ्या ती हरली होती. तिथले परीक्षक कुणाच्या ओळखीचे नव्हते. "अण्णा, माझ्या कोपऱ्यातले लोक दर ब्रेकला म्हणायचे, मस्त चाललंय, तू पुढे आहेस. मी शेवटपर्यंत धरून चालले की मी जिंकतेय. निकाल ऐकल्यावर मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी माना फिरवल्या." तिने माझी कड घट्ट धरली. "पट्टा मिळाल्यावर इथे झालेल्या त्या चार फाइट्स... त्यांतल्या मी किती जिंकले?"

"एक," हंबीरराव म्हणाले. "एक चांगली जिंकलीस."

"आणि जयसेल्वीची?"

"तू सांग."

"हरले होते. गुडघे टेकले तेव्हाच कळलं होतं मला." ती रडायला लागली. "अण्णा, मला तिच्याशी परत लढायचंय. रघुनंदन नाही म्हणतो. म्हणतो, आता ती लढत कोण बघणार? मी तिच्या घरी जाऊन सांगते. रिंगण नाही मिळालं तर मैदानात लढू."

कृष्णाबाई दारात भांडं घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग जा ना दोघं. इथं रडून काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी मला धरून तिघं नाही, चौघं निघालो, कारण कृष्णाबाईंनाही मागे राहवेना. निघताना हंबीररावांनी सवयीने मला उचललं. आपण लढतीला चाललो नाही, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. गाडीतून उतरलो तर गावाच्या कडेला खाणीतून निघालेल्या राखाडी मातीच्या टेकड्या. त्यांच्यावर गवतही उगवत नाही. एका जुन्या सभागृहात जयसेल्वी मुलींना शिकवत होती. दोर नव्हते, फरशीवर खडूने चौकोन आखला होता. मुली उलट्या बादल्यांवर बसून दम खात होत्या.

जयसेल्वीने वल्लरीला ओळखलं, पण ओळखताना तिला मान वळवावी लागली. डाव्या डोळ्याने तिला नीट दिसत नव्हतं. त्या लढतीनंतर काही महिन्यांनी, दुसऱ्या एका लढतीत तो डोळा पुरता दुखावला होता. डॉक्टरांनी पुन्हा डोक्यावर मार खायला सक्त मनाई केली होती.

वल्लरीने लढतीचा विषय काढलाच नाही. तिने पिशवीतून पट्टा काढला आणि पुढे केला. "हा तुमचा आहे. मनिलाची लढतही तुमचीच होती."

जयसेल्वीने पट्ट्याला हात लावला नाही. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकायला अवघड होतं.

"यावर तुझं नाव कोरलंय. मी हा घेऊन काय करू? तेव्हा माझा डोळा होता. तेव्हा माझे वडील होते, त्यांना बघायला मिळालं असतं." ती वल्लरीकडे वळली. "तुला एक सांगते. त्या दिवशी रेफरीने आपली मनगटं धरली होती ना, तेव्हा निकाल काय लागणार हे मला ठाऊक होतं. परीक्षकांकडून माझी काही आशा नव्हती. तुझ्याकडून होती. तुझा हात वर गेला तेव्हा मी वाट बघत होते. वाटलं, ही पडली होती, हिला ठाऊक आहे. ही हात खाली घेईल."

कृष्णाबाईंनी वल्लरीच्या पाठीवर हात ठेवला. हंबीरराव खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"मला सुचलंच नाही," वल्लरी जयसेल्वीला म्हणाली. "खरंच सुचलं नाही."

"होय," जयसेल्वी म्हणाली. "मला नंतर तसंच वाटलं. तू तेव्हा लहान होतीस." मग तिने मुलींना हाक मारली आणि सराव पुढे सुरू केला, कारण अंधार पडायच्या आत मुलींना घरी जायचं होतं.

त्यानंतर वल्लरीने जे करता येईल ते केलं. तिने पट्टा संघटनेला परत केला. कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगितलं की ती लढत जयसेल्वीने जिंकली होती. काहींनी शाबासकी दिली, काहींनी शिव्या दिल्या, आणि आठवडाभरात लोकांना दुसरा विषय मिळाला. रघुनंदनने फलकांवर नवी मुलगी आणली. तो रेफरी अजून रेफरीच आहे. निकाल तोच आहे. आजही कुणी पाहिलं तर जयसेल्वीच्या नावापुढे त्या दिवशी हार लिहिलेली दिसते. हंबीरराव आणि वल्लरी पुन्हा एकमेकांशी बोलतात, रविवारी ती चामराजपेटेत जेवायला जाते, असं ऐकतो. पण ते गोदाम परत मिळालं नाही, आणि त्यांच्या बोलण्यातली पूर्वीची थट्टा परत आलेली नाही. दोघंही एकमेकांशी फार जपून बोलतात.

मी मात्र कोलारलाच राहिलो. त्या दिवशी निघताना जयसेल्वी हंबीररावांना म्हणाली, "सार, हा स्टूल ठेवून जाल का? मुलींना बसायला काही नाही." हंबीररावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आता खाणकामगारांच्या नाती माझ्यावर बसतात. माझा कुजलेला पाय कापून तिथे लोखंडाचा तुकडा बसवला आहे, त्यामुळे मी थोडा लंगडतो. पावसाचं पाणी छतातून गळतं तेव्हा कुणीतरी मला आठवणीने बाजूला करतं. एवढी काळजी मला पुरते. तुमच्याही घरी एखादी दमलेल्याला बसू देणारी वस्तू असेल, तर तिला उन्हापावसात टाकू नका, इतकंच माझ्याबद्दल सांगणं.

दुसरं सांगणं तुमच्याबद्दल आहे, मित्रांनो. मी लाकडाचा. मला पाय दिले, हात दिले नाहीत. तुम्हाला ते आहेत. एखाद्या दिवशी दुसऱ्याचा विजय कुणी तुमच्या हातात ठेवेल, तुमचा हात धरून वर करेल, समोर टाळ्या वाजत असतील. तेव्हा गोंधळायला होईल, हे मला माहीत आहे. तरीही तो हात खाली घ्या. तिथेच, सगळ्यांच्या देखत. वर्षांनी परत नेऊन दिलेला विजय कुणी घेत नाही हो. तो ठेवायला त्यांच्याकडे तोवर जागाच उरलेली नसते.